खाशाबा जाधव : कराडच्या तालमीपासून हेलसिंकीपर्यंत

सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात गोळेश्वर हे गाव आहे. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी येथेच झाला. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान होते. पाच भावंडांत धाकटे असलेल्या खाशाबांना कुस्तीचे पहिले धडे घरच्याच मातीत मिळाले. पुढे त्यांचे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. बेचाळीसच्या 'चले जाव' चळवळीतही त्यांनी आपला वाटा उचलला.

शाळा संपल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीला खरी कलाटणी येथे मिळाली. खाशाबांची चण लहान होती. ती पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना वार्षिक क्रीडास्पर्धेत उतरू देण्यास नकार दिला, असे सांगितले जाते. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकर यांच्याकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या लहानखुऱ्या मुलाने आपल्याहून धिप्पाड मल्ल चीत केले. विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेणे ही तशी साधी गोष्ट. परंतु त्या दिवशी प्राचार्यांनी दार लावून घेतले असते तर पुढचा इतिहास कदाचित घडलाच नसता.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासखर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती नवखी होती, तिचे आंतरराष्ट्रीय नियमही अनोळखी होते. स्पर्धेपूर्वी अमेरिकेचे रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. फ्लायवेट गटात ते सहावे आले. परत आल्यावर त्यांनी मेहनत वाढवली आणि वजनाचा गटही बदलला.

१९५२ च्या निवडीत अन्याय झाल्याची त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती झाली, तीत त्यांनी प्रतिस्पर्ध्याला हरवले आणि हेलसिंकीच्या संघात स्थान मिळवले. आता प्रश्न पैशाचा होता. गोळेश्वर व परिसरातील लोकांनी वर्गणी काढली, तरीही रक्कम अपुरी पडली. तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर बँकेकडे गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळी शिक्षकाच्या संसारात ही रक्कम केवढी मोठी होती, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

येथे शेजारच्या सांगलीचे स्मरण होते. सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात ११ मार्च १९१५ रोजी जन्मलेले क्रिकेटपटू विजय हजारे हे शाळाशिक्षकाचे पुत्र. त्यांना ऑस्ट्रेलियाचे नामवंत गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांच्याकडून शिकता आले ते देवासच्या महाराजांमुळे. त्यांच्याच नेतृत्वाखाली फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला. म्हणजे अवघ्या पाच महिन्यांच्या अंतराने कृष्णाकाठच्या दोन सुपुत्रांनी देशाला दोन 'पहिले' मान दिले. हजारे यांच्या पाठीशी संस्थानिक होते. खाशाबांच्या पाठीशी, या वेळी, एका प्राचार्याचे घर.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनाच्या बँटमवेट गटात, फ्रीस्टाइल प्रकारात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली लढत दीर्घकाळ चालली आणि ती त्यांच्या हातून निसटली. दमलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांच्याशी लढावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांतीचा नियम होता; मात्र तो दाखवून देण्यास भारताचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. सुवर्ण इशी यांना मिळाले, रौप्य मामेदबेकोव यांना. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. शिष्याजवळ आपला माणूस उभा असणे किती मोलाचे असते, हे त्या एका तासाने दाखवून दिले.

परतल्यावर कराड स्थानकापासून शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी पहिले काम केले ते ऋण फेडण्याचे. कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि जमलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे ऑलिंपिक हुकले. पोलीस दलातही त्यांनी क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम केले आणि १९८३ मध्ये सहायक आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना २००० सालचा, मरणोत्तर मिळाला. तोपर्यंत लिअँडर पेस यांनी १९९६ मध्ये अटलांटा येथे भारताचे पुढचे वैयक्तिक पदक मिळवले होते. मधे चव्वेचाळीस वर्षे लोटली होती. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला २०१० मध्ये खाशाबांचे नाव देण्यात आले.