पडद्यावरची आपली माणसे आणि परकी नावे

बेलव्ह्यू हे सिअॅटलच्या पूर्वेस, लेक वॉशिंग्टनच्या पलीकडच्या काठावर वसलेले शहर. येथे राहणाऱ्या आम्हां बेने इस्राएल मंडळींना एक वाक्य ठरलेले ऐकावे लागते : "तुम्ही ज्यू दिसत नाही." अमेरिकेत ज्यू म्हटला की पोलंड-रशियातून आलेल्या माणसाचा चेहरा लोकांच्या डोळ्यांसमोर येतो. तो तेथे कोठून आला? पुष्कळसा नाटक-सिनेमांतूनच. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही हाच विषय घेतला आहे. आपल्या देशी पडद्यावर आपल्या माणसांना कोणाची सोंगे मिळाली, आणि आपले सोंग कोणी घेतले?

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या कामासाठी स्त्री मिळेना. नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायकांनीही नकार दिला. शेवटी एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच! मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांचा तो काळ, त्यामुळे प्रेक्षकांना यात वावगे काही वाटत नसे. परंतु कॅमेरा जवळ येऊ लागला तशी खऱ्या स्त्रीची गरज भासू लागली. घरंदाज हिंदू-मुसलमान घरांचे दरवाजे बंद होते. ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुली मात्र कचेऱ्यांतून, टेलिफोनवर, दवाखान्यांतून नोकऱ्या करीतच होत्या, त्यांना घराबाहेर पडण्याचे नवल नव्हते. शिवाय त्या गोऱ्या होत्या. हे दुसरे कारण लपवून ठेवण्यात अर्थ नाही. निर्मात्यांना राजकन्या गोरीच हवी असे, आणि अजूनही हवी असते.

पुण्यात जन्मलेल्या रुबी मायर्स टेलिफोन ऑपरेटर होत्या. त्या 'सुलोचना' झाल्या. (जुन्या वाचकांनी यांना मराठीतल्या सुलोचनादीदी समजू नये, त्या वेगळ्या.) १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये त्यांनी एकटीने आठ भूमिका केल्या. १९२८ मध्ये त्या मूक 'अनारकली' झाल्या, १९३५ मध्ये बोलक्या 'अनारकली', आणि १९५३ च्या 'अनारकली'त सलीमची आई. मुंबईच्या गव्हर्नरापेक्षा त्यांचा पगार जास्त, असे त्या काळी लोक बोलत. बोलपट आला आणि त्यांची हिंदुस्थानी कच्ची असल्याचे उघड झाले. तेव्हा त्यांनी वर्षभर काम थांबवून भाषा शिकून घेतली आणि १९३२ मध्ये 'माधुरी'तून परत आल्या. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कर्तृत्वात ही गोष्ट सर्वांत मोठी होय. १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम 'प्रमिला' झाल्या आणि १९४७ साली पहिल्या मिस इंडिया ठरल्या. फ्लॉरेन्स इझिकेल 'नादिरा' होऊन १९५२ च्या 'आन'मध्ये रजपूत राजकन्या झाल्या. पुढे १९५५ च्या 'श्री ४२०'मध्ये त्यांच्या हाती सिगारेट आली आणि मग तोच साचा त्यांना चिकटला. या तिघीही बगदादी घराण्यांतल्या. आपल्या बेने इस्राएल समाजातल्या सुझन सॉलोमन यांनी नाव घेतले 'फिरोजा बेगम' आणि हिंदी-मराठी चित्रपटांत कामे केली. मुलगी कोकणातल्या समाजाची, नाव मुसलमानी, भूमिका वाटेल त्या!

पडद्याआडचे जोसेफ डेव्हिड पेणकर यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला पहिला बोलपट 'आलम आरा' त्यांच्याच नाटकावरून केलेला होता. आडनावातच पेण गाव आहे, वेगळी ओळख काय सांगावी?

रंगाचा प्रश्न केवळ स्टुडिओत नव्हता हेही लिहिले पाहिजे. रंगूनच्या सिनेगॉगमध्ये बगदादी मंडळींनी आपल्या लोकांना मताचा हक्क नाकारला. ते प्रकरण कोर्टात गेले आणि १९३५ मध्ये निकाल आपल्या बाजूने लागला. इस्राएलमध्येही लग्नाच्या बाबतीत आपल्याविषयी शंका घेण्यात आल्या. निदर्शने झाली, तेव्हा कोठे १९६४ मध्ये तेथील संसदेने आपण सर्व बाबतींत ज्यूच आहोत असे ठरावाने सांगितले. ज्यू कसा दिसतो, हे नेहमी दुसऱ्याच कोणी ठरवायचे.

आता उलट बाजू पाहा. बिमल रॉय यांचा १९५८ चा 'यहुदी' आगा हश्र काश्मिरी यांच्या गाजलेल्या नाटकावरून निघाला. त्यातला ज्यू जवाहिऱ्या पारशी सोहराब मोदी यांनी केला, त्याच्या घरी वाढलेली हन्ना मीनाकुमारीने, रोमन राजपुत्र दिलीपकुमारने. म्हणजे ज्यूंच्या भूमिका पारशी-मुसलमानांकडे, आणि ज्यू नट्या रजपूत नि मोगल! आमच्यापैकी वडीलधाऱ्यांना सोहराब मोदींचे काम मनापासून आवडते, आणि त्यात गैर काही नाही. नटाने परका वेष घ्यावा, तेच तर त्याचे काम. तक्रार एवढीच की त्या कथेतला ज्यू दूरच्या रोममधला होता. अलिबाग-पेणचा, तेलाचा घाणा चालवणारा, शनिवारी बैल न जुंपणारा, मराठी बोलणारा ज्यू हिंदी पडद्यावर नायक झालेला आम्हांला आठवत नाही.

येथे आमच्या शेजारी २०१४ साली हाच वाद पेटला. सिअॅटलमध्ये 'मिकाडो' हे १८८५ चे जुने विनोदी संगीत नाटक झाले. सगळी पात्रे जपानी, पण जपानी किंवा आशियाई नट एकही नाही. वर्तमानपत्रांतून टीका झाली. काहींना ती अतिरेकी वाटली. परंतु आमच्या बेलव्ह्यूच्या जमिनीत स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या जपानी कुटुंबांना मे १९४२ मध्ये घरदार सोडायला लावून छावण्यांत नेले होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो राग समजतो. जी माणसे गावातून हाकलली, त्यांची नक्कल तेवढी ठेवायची?

आमच्या मुलांना आम्ही डेव्हिड अब्राहम चेउलकर यांचे चित्रपट दाखवतो. ठाण्याचे, वकिलीची पदवी घेतलेले, ठेंगणे, टकलावर दिवे चमकणारे आपले डेव्हिडसाहेब. १९५४ च्या 'बूट पॉलिश'मधल्या जॉन चाचाने त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळवून दिले, १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली. 'चुपके चुपके'त ते हिंदू, 'बातों बातों में'त ख्रिस्ती. श्रेयनामावलीत बहुधा 'डेव्हिड' एवढेच लिहिलेले असे, म्हणून पुष्कळ प्रेक्षक त्यांना ख्रिस्तीच समजत. चेउलकर हे आडनाव लिहिले असते तर चेऊल गावाकडे बोट गेले असते. मुले विचारतात, ज्यू म्हणून त्यांनी काम केले तो कोणता सिनेमा? तेवढे आम्हांला दाखवता येत नाही. मग आम्ही 'बूट पॉलिश' पुन्हा लावतो.