बिननावाच्या बोक्याचा ‘आम्ही’

‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणण्याचा मान आपल्याकडे राजाचा, सरदाराचा आणि फार तर आमच्यासारख्या लेखकूंचा! जपानी भाषेतही ‘वागाहाय’ असे एक भारदस्त सर्वनाम आहे. पुढारी आणि अधिकारी यांना शोभणारे हे सर्वनाम नात्सुमे सोसेकी यांनी एका भटक्या बोक्याच्या तोंडी घातले आणि ‘वागाहाय वा नेको दे आरु’, म्हणजे ‘आम्ही मांजर आहोत’, ही कादंबरी जन्मास आली. ऐट सरदाराची, पण बोक्याला अखेरपर्यंत कोणी साधे नावही ठेवले नाही!

सोसेकी (१८६७–१९१६) हे इंग्रजीचे अध्यापक. सरकारने १९०० साली त्यांना अभ्यासासाठी लंडनला पाठविले. तेथे एकाकीपणा, तुटपुंजा भत्ता आणि मनाचा आजार यांनी त्यांना ग्रासले. १९०३ साली ते मायदेशी परतले, तोक्योच्या विद्यापीठात शिकवू लागले. पण मन थाऱ्यावर आले नाही. १९०४ साली एक मांजराचे पिल्लू घरात शिरले. पत्नी ते बाहेर टाकी, ते पुन्हा आत येई. अखेर सोसेकींनीच त्याला राहू दिले. त्याच सुमारास स्नेही कवी ताकाहामा क्योशी यांनी त्यांना काहीतरी लिहिण्याचा आग्रह केला.

जानेवारी १९०५ मध्ये ‘होतोतोगिसु’ या हायकूला वाहिलेल्या मासिकात पहिले प्रकरण आले. एवढ्यावरच थांबायचे होते. परंतु वाचकांना ते इतके भावले की ऑगस्ट १९०६ पर्यंत अकरा प्रकरणे झाली.

तो काळ रशियाशी चाललेल्या युद्धाचा. जानेवारीत पोर्ट आर्थर पडले, मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियन आरमार बुडाले. देश विजयाने धुंद झाला होता. अशा वेळी हा बोका उंदीर पकडण्याच्या मोहिमेसाठी सेनापतीच्या थाटात व्यूह रचतो, आणि एकही उंदीर हाती लागत नाही! ज्या ‘जपानी आत्म्या’चा जयघोष चालला होता, तो सर्वांच्या ओठी आहे, पण पाहिला कोणीच नाही, असा चिमटाही पुस्तकात आहे.

तरी हा उपहास कडवट का होत नाही? कारण लेखक पहिला फटका स्वतःलाच मारतो. बोक्याचा धनी कुशामी, म्हणजे ‘शिंक’, हा पोटदुखीने गांजलेला, पुस्तक उघडून त्यावरच डोके टेकून झोपणारा मास्तर. पोटाचे दुखणे खुद्द सोसेकींचेच! शेजारच्या धनाढ्य कानेदाची फजिती होते, तशीच या मास्तराचीही होते. शेवटी उरलेली बिअर चाखून झिंगलेला बोका पाण्याच्या रांजणात पडतो आणि धडपड सोडून, अमिदा बुद्धाचे नाव घेत शांतपणे बुडतो.

खरा बोका १९०८ च्या सप्टेंबरात वारला. सोसेकींनी शिष्यांना काळ्या चौकटीची पत्रे धाडली: आपण कादंबरी लिहिण्यात गुंतलो आहोत, अंत्यविधीस येण्याची तसदी घेऊ नये!

दुसऱ्यावर हसणे सोपे. राष्ट्र विजयोन्मादात असताना, आणि स्वतःचे मन खचलेले असताना, स्वतःवर हसणे अवघड. तेवढे धैर्य ज्याच्यापाशी आहे, त्याच्या तोंडी ‘आम्ही’ शोभतो, असे आम्हांला वाटते. मग तो बिननावाचा बोका का असेना.