गोष्ट पुढे नेणारी माणसं

एखादी कादंबरी संपते. पुस्तक मिटतं, पण वाचकाचं मन तिथंच घुटमळत राहतं. नायक सुखरूप घरी परतला, ठीक आहे. पण त्याला वाट दाखवणाऱ्या त्या म्हातारीचं पुढं काय झालं? दुष्ट राजाची मुलगी बापाच्या विरुद्ध उभी राहिली असती तर? बहुतेक वाचक असे प्रश्न मनात ठेवून दुसऱ्या पुस्तकाकडे वळतात. काही मात्र उत्तर स्वतःच लिहायला बसतात. पात्रं मूळ लेखकाची, दुनिया त्याची, कथा मात्र आपली. अशा लेखनाला इंग्रजीत 'फॅन फिक्शन' म्हणतात. आपण त्याला चाहत्यांचं कथालेखन म्हणू या.

हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक १९९७ साली आलं आणि जगभरच्या तरुण वाचकांनी त्या जादूच्या शाळेवर आपापल्या कथा रचायला सुरुवात केली. अशा लेखनासाठी चाहत्यांनीच उभारलेलं 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' नावाचं संगणकीय भांडार २००९ साली सर्वांना खुलं झालं. त्यात आज एक कोटीहून अधिक रचना आहेत. २०१९ साली त्याला 'ह्यूगो' हा विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या क्षेत्रातला मानाचा पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे हा विषय निघाला की दोन मतं ऐकू येतात. एक, हे पोरासोरांचं खूळ आहे. दोन, ही उचलेगिरी आहे. मला दोन्ही पटत नाहीत. मी कवितेचा माणूस. तरही मुशायऱ्याची रीत मला ठाऊक आहे. तिथं एक ओळ आधीच दिलेली असते. ती दुसऱ्याच कुणाची असते. तिचं वृत्त, काफिया, रदीफ सांभाळून प्रत्येक शायरानं आपली गझल लिहायची. दिलेली ओळ घेतली म्हणून कुणी शायराला चोर म्हणत नाही. तिच्याशेजारी त्यानं आपली ओळ कशी बसवली, एवढंच पाहतात. अद्भुतकथेच्या प्रांतात हीच रीत केवढं मोठं काम करू शकते, याचा दाखला दीडशे वर्षांपूर्वीच्या लखनौमध्ये मिळतो.

हजरत हमजा हे पैगंबरसाहेबांचे चुलते. इसवी सन ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत ते शहीद झाले. इतिहास एवढाच. पण इराणात आणि पुढे हिंदुस्थानात कथेकऱ्यांनी त्यांच्या नावाभोवती एक निराळाच अमीर हमजा उभा केला. हा हमजा काफ पर्वतावर जातो, परीशी लग्न करतो, देव-राक्षसांशी झुंजतो. ऐकणाऱ्यांना इतिहासातले हमजा आणि दास्तानीतला हमजा यांतला फरक कळत होता. श्रद्धा श्रद्धेच्या जागी आणि गोष्ट गोष्टीच्या जागी, हे भान त्या काळच्या साध्या माणसालाही होतं.

अकबर बादशहाला ही दास्तान इतकी आवडली, की १५६२ च्या सुमारास त्यानं तिच्यावर चित्रं काढून घ्यायला सुरुवात केली. सुमारे पंधरा वर्षं काम चाललं आणि कापडावरची चौदाशे मोठी चित्रं तयार झाली. मिर्झा गालिब यांनाही दास्तानींचा भारी शौक होता. पुढे १८५८ साली मुन्शी नवल किशोर यांनी लखनौमध्ये छापखाना काढला, आणि तिथून या दास्तानीचा एकेक खंड निघू लागला. मुहंमद हुसेन जाह, अहमद हुसेन कमर आणि तसद्दुक हुसेन हे त्यांचे प्रमुख लेखक. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत एकूण ४६ खंड झाले. पानं चाळीस हजारांहून अधिक. हिंदू मालकाचा छापखाना, मुसलमान दास्तानगो आणि वाचणारे सगळेच.

यातला सर्वांत गाजलेला भाग 'तिलिस्म-ए-होशरुबा'. तो १८८३ ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाला. पहिले चार खंड जाह यांचे, पुढचे कमर यांचे. गंमत अशी, की हा भाग जुन्या फारसी दास्तानीत नाहीच. अभ्यासकांच्या मते मीर अहमद अली आणि त्यांच्या परंपरेतल्या दास्तानगोंनी तो इथंच रचला. म्हणजे आवडत्या नायकाच्या दुनियेत त्याच्या चाहत्यांनी एक नवं साम्राज्य वसवलं. आजच्या भाषेत हेच फॅन फिक्शन.

ते रचलं कसं, हे पाहण्यासारखं आहे. तिलिस्म म्हणजे मंत्रानं बांधलेला मुलूख. होशरुबाचा बादशहा अफ्रासियाब हा जादूगार. त्याच्या राज्याचे तीन भाग: उघड दिसणारा, लपलेला आणि अंधाराचा. या दुनियेला कायदे आहेत. तिलिस्म कायमचा नसतो. तो कुणाच्या हातून फुटणार हे आधीच ठरलेलं असतं. फोडणाऱ्याला 'लौह' म्हणजे एक पाटी मिळवावी लागते, तिच्यावर मार्ग कळतो. जादूगार मेला की काळोख दाटतो, कल्लोळ होतो आणि त्याचं नाव पुकारणारा आवाज येतो. हमजाच्या बाजूचा वीर स्वतः जादू करत नाही, कारण जादू त्याला वर्ज्य आहे. मग जादूगारांशी लढायचं कसं? इथं अमर अय्यार कामाला येतो. तो वेषांतर करतो, बेशुद्धीचं औषध देतो, थापा मारतो. त्याच्या 'झंबील' नावाच्या झोळीत अख्खी दुनिया मावते.

दास्तानगो हे नियम मोडू शकत नव्हता. समोर बसलेले श्रोते मुरलेले असत. अमरच्या झोळीत काय आहे आणि काय नाही, हे त्यांना पाठ असे. नवं सांगायचं ते या चौकटीत राहून. म्हणून होशरुबात तिलिस्म फोडण्याचं काम हमजाकडे न देता त्याच्या नातवाकडे, असदकडे दिलं गेलं. म्हणून अफ्रासियाबच्याच दरबारातल्या महरुख आणि बहार या जादूगार स्त्रिया बाजू बदलून असदला मिळाल्या. आता जादूला जादूनंच उत्तर देता येऊ लागलं, आणि नायकाचा नियमही मोडला नाही. ही खरी कारागिरी.

दुसरी कारागिरी कथा थांबवण्याची. असं सांगतात, की एका दास्तानगोनं प्रियकराला प्रेयसीच्या दाराशी आणून उभं केलं. मध्ये फक्त एक पडदा. तो पडदा त्यानं कित्येक दिवस उचलूच दिला नाही. वर्णनावर वर्णन रचत गेला आणि श्रोते रोज येत राहिले. खरंखोटं देव जाणे, पण त्या कलेची कसोटी कोणती होती हे यातून कळतं. शेवट काय, हे जवळजवळ सर्वांना ठाऊक असे. तिथवर पोचवण्याची तऱ्हा ज्याची त्याची.

आणखी एक गोष्ट आजच्या लेखकाला चकित करणारी आहे. छापील दास्तानीवर मूळ कर्ता म्हणून अकबराच्या दरबारातल्या फैजीचं नाव सांगितलं जाई. एवढं प्रचंड स्वतः रचायचं आणि श्रेय मात्र जुन्या माणसाला द्यायचं! कारण त्या जगात 'हे मी नवं निर्माण केलं' यापेक्षा 'हे आधीपासून चालत आलं आहे' या म्हणण्याला वजन जास्त होतं.

ही गोष्ट लखनौतही थांबली नाही. १८८८ साली देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' हिंदीत आली. तिलिस्म आणि ऐयार त्यांनी दास्तानीच्या दुनियेतूनच घेतले, पण एक मोठा बदल केला. जादू काढून टाकली. त्यांचा तिलिस्म यंत्रांचा, कळसूत्रांचा, औषधींचा आहे. ती कादंबरी वाचता यावी म्हणून लोक नागरी लिपी शिकले, असं म्हटलं जातं. १९१३ साली खत्री वारले तेव्हा त्यांची 'भूतनाथ' ही कादंबरी अपुरी होती; ती मुलानं, दुर्गाप्रसाद खत्री यांनी पुढं नेली. आपल्याकडे १९९४ नंतर दूरदर्शनवर 'चंद्रकांता' मालिका घरोघर पाहिली गेली. क्रूरसिंगाचं 'यक्कू' अजून पुष्कळांच्या ओठांवर आहे. त्या 'यक्कू'चं नातं मागं मागं जात होशरुबाच्या तिलिस्माशी पोचतं, हे किती जणांना ठाऊक असेल?

पश्चिमेकडे हाच प्रवास वेगळ्या वाटेनं झाला. १९११ साली रोनाल्ड नॉक्स यांनी शेरलॉक होम्सच्या कथांचा, धर्मग्रंथ अभ्यासावेत तशा थाटात, गमतीनं अभ्यास मांडला. मूळ लेखकाच्या अधिकृत कथांना 'कॅनन' म्हणण्याची चाहत्यांची रीत याच परंपरेतली. १९६७ साली 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेच्या चाहत्यांनी 'स्पॉकॅनालिया' नावाचं नियतकालिक काढलं. अशी नियतकालिकं स्वखर्चानं छापली जात, टपालानं फिरत, आणि त्यांत लिहिणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. तिथंही कारागिरीची शिस्त आपोआप तयार झाली. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी एक छोटं विडंबन लिहिलं. त्यातली मेरी स्यू ही साडेपंधरा वर्षांची अधिकारी सगळ्यांहून हुशार, सगळ्यांची लाडकी. नवशिका लेखक दुसऱ्याच्या दुनियेत शिरतो आणि स्वतःलाच सिंहासनावर बसवतो, या खोडीला तेव्हापासून 'मेरी स्यू' हेच नाव पडलं. कथा लोकांपुढं ठेवण्याआधी एका जाणत्या सोबत्याला वाचायला देण्याचीही तिथं रीत आहे. आमच्याकडच्या उस्ताद-शागिर्दांच्या 'इस्लाह'ची मला इथं आठवण होते. गझल आधी उस्तादाच्या हातून जायची, मग मैफलीत.

मग उचलेगिरीचं काय? हा प्रश्न टाळता येणार नाही. हमजाला कुणी मालक नव्हता, हॅरी पॉटरला आहे. व्हॅम्पायर कथांसाठी गाजलेल्या अमेरिकन लेखिका अ‍ॅन राइस यांनी २००० च्या सुमारास आपल्या पात्रांवर असं लेखन करण्याला स्पष्ट विरोध केला होता. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. लेखकाची भाकरी लेखकाचीच आहे. त्याच्या पात्रांवर दुसऱ्यानं परस्पर पैसा करणं न्यायाचं नाही. चाहत्यांच्या त्या भांडारातही कथांवर कमाई करायला मनाई आहे, ते मला योग्य वाटतं. पण भाकरी एक आणि ओढ दुसरी. एखाद्या दुनियेत पुन्हा पुन्हा जावंसं वाटणं ही चोरी नव्हे, ती त्या लेखकाला मिळालेली दाद आहे.

दुनियेत कुणी जाईनासं झालं की काय होतं, हेही याच दास्तानीनं पाहिलं. दिल्लीचे शेवटचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले. अखेरच्या दिवसांत त्यांना सुपारी विकून गुजराण करावी लागली, असं सांगतात. ४६ खंड ग्रंथालयांतून विखुरले. शम्सुर्रहमान फारुकी यांनी ते चिकाटीनं जमवले, अभ्यासले, आणि २००५ साली त्यांचे पुतणे महमूद फारुकी यांनी दिल्लीत दास्तानगोई पुन्हा मंचावर आणली. आनंदाची गोष्ट अशी, की ही मंडळी जुनं पाठ म्हणून थांबली नाहीत. फाळणीवर नव्या दास्तानी झाल्या, अ‍ॅलिसच्या इंग्रजी गोष्टीचीही दास्तान झाली.

तुमच्या घरातलं एखादं मूल वहीत किंवा संगणकावर कुणा परक्या जादूगाराची गोष्ट लिहीत असेल, तर त्याला 'स्वतःचं काहीतरी लिही' असं लगेच सांगू नका. आधी ती गोष्ट ऐका. मग विचारा, त्या दुनियेचा कोणता नियम तू पाळलास आणि नवं काय आणलंस? लखनौच्या दास्तानगोला त्याचे श्रोते मनातल्या मनात हेच दोन प्रश्न विचारत असत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)