पिळाच्या तराजूचे कूळ

भौतिकीच्या विद्यार्थ्याला पृथ्वीचे वजन यामिकीच्या आरंभी भेटते आणि कृष्णविवर विश्वरचनाशास्त्राच्या अखेरीस. परंतु या दोन्ही कल्पना यॉर्कशायरमधील थॉर्नहिल गावचा धर्मोपदेशक जॉन मिचेल या एकाच गृहस्थाच्या नावावर जमा आहेत, हे ध्यानी आल्यापासून त्या दोहोंचे नाते धुंडाळण्याचा मला छंदच जडला आहे.

पहिली कल्पना तराजूची. बारीक तारेला मधोमध टांगलेली आडवी दांडी, तिच्या दोन्ही टोकांना शिशाचे लहान गोळे आणि त्यांच्या निकट आणलेले मोठे गोळे अशी त्याची रचना. आकर्षणाने दांडी किंचित वळते, तारेला पीळ पडतो आणि त्या पिळावरून बल मोजता येते. प्रयोगापूर्वीच, 1793 मध्ये, मिचेल निवर्तला; उपकरण केंब्रिजच्या वुलस्टनमार्फत हेन्री कॅव्हेंडिशच्या हाती आले आणि त्याने त्याचा बराचसा भाग नव्याने घडवून 1798 मध्ये पृथ्वीची घनता पाण्याच्या 5.48 पट ठरवली. आजचा आकडा 5.51 आहे.

या तराजूच्या मालकीचा दावा मात्र फ्रान्सच्या दप्तरीही नोंदलेला आहे. तारेच्या पिळाचा नियम कूलाँबने 1784 मध्ये मांडला आणि पुढल्याच वर्षी विद्युत्-बल अशाच तराजूने मोजले. छापील दस्तऐवजांवरच फैसला करायचा, तर हक्क त्याचा. उलटपक्षी, कूलाँबचे लेखन प्रसिद्ध होण्यापूर्वीच मिचेलने ही युक्ती आपणांस सांगितली होती, अशी साक्ष कॅव्हेंडिश देतो, आणि त्याच्यासारख्या काटेकोर माणसाची साक्ष फेटाळण्यास मला सबळ कारण दिसत नाही. पिळाचा नियम कूलाँबचा आणि त्या पिळाने पृथ्वी तोलण्याचा संकल्प मिचेलचा, अशी वाटणी मला न्याय्य वाटते. 1750 मध्ये चुंबकांवर ग्रंथ लिहून त्यांचे बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते असे सांगणाऱ्या मिचेलला दुर्बल बले मोजण्याची ओढ तेव्हापासूनच लागली असावी, हा माझा तर्क आहे.

आता दुसरी कल्पना. 1783 मध्ये कॅव्हेंडिशला पाठवलेल्या व रॉयल सोसायटीपुढे वाचल्या गेलेल्या निबंधात मिचेल म्हणतो की, सूर्याइतक्याच घनतेचा, पण व्यासाने 500 पट मोठा तारा असेल, तर त्याचा प्रकाश त्याच्याच आकर्षणाने मागे खेचला जाईल. लाप्लासने हाच विचार 1796 मध्ये मांडला, म्हणून कित्येक त्याला आद्यत्व देतात. तारखाच त्यांना उत्तर देतात. पण निबंधाचा मूळ हेतू अदृश्य तारा हा नव्हताच: ताऱ्यातून निघताना प्रकाशाचा वेग किती घटतो यावरून त्या ताऱ्याचे आकारमान व वस्तुमान काढावे, ही ती योजना होती. त्याच वर्षीच्या पत्रव्यवहारात कॅव्हेंडिश मिचेलच्या पृथ्वी तोलण्याच्या बेताचाही उल्लेख करतो. तेव्हा हाताशी न येणारी वस्तू तिच्या आकर्षणावरून तोलावी, या एकाच ध्यासाची ही जुळी अपत्ये होत, असे माझे प्रतिपादन आहे.

पुढे बुडापेस्टच्या एट्व्हशने याच तराजूवर भिन्न पदार्थ टांगले. पृथ्वीचे आकर्षण गुरुत्वीय वस्तुमानावर आणि तिच्या परिवलनामुळे जाणवणारे केंद्रोत्सारी बल जडत्वीय वस्तुमानावर अवलंबून असल्याने, त्या दोहोंचे गुणोत्तर पदार्थागणिक बदलत असते, तर तारेला पीळ पडला असता. 1889 मध्ये त्याने 2 कोटींत 1 इतक्या सूक्ष्मतेपर्यंत असा भेद आढळत नसल्याचे सांगितले. याच समतेवर आइन्स्टाइनने व्यापक सापेक्षता उभारली, आणि 1916 मध्ये श्वार्त्सशिल्डने तिच्या समीकरणांची जी उकल काढली, तिच्यातील सीमेची त्रिज्या मिचेलच्या न्यूटनीय हिशेबाशी तंतोतंत जुळते. मिचेलच्या ताऱ्यावरून प्रकाश वर उडून परत पडतो आणि कृष्णविवराच्या सीमेआतून तो बाहेर निघूच शकत नाही, हा भेद मूलगामी आहे. तथापि त्या तराजूनेच समतेची ग्वाही देऊन कृष्णविवराला सिद्धान्ताचे अधिष्ठान मिळवून दिले असल्याने, ही दोन प्रकरणे विद्यार्थ्यांना एकत्रच शिकवली जावीत, असे माझे आग्रहाचे मागणे आहे.