घरकुलाच्या अर्जातला जातीचा रकाना

मागच्या वेळी आपण कात्रजच्या तलावाविषयी बोललो होतो, आज तिथूनच सुरुवात करू. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, म्हणजे १७५० च्या आसपास, इथलं पाणी बांधीव नळातून पुण्यात नेलं गेलं. वाटेतले उच्छ्वास, शहरातले हौद, त्या कामाची हुशारी, हे सगळं आपण पाहिलं. एक गोष्ट मात्र राहिली. हौदात पाणी पडलं म्हणजे ते सगळ्यांना मिळालं, असं झालं नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना पेठांमधल्या हौदांवर भरता येत नव्हतं. महात्मा फुल्यांनी आपल्या घराचा हौद त्यांना खुला केला तो १८६८ साली. म्हणजे नळ होऊन शंभरावर वर्षं लोटल्यावर.

आता यात लक्षात घ्यायचं ते एवढंच, की हौदावर कोणाला येऊ द्यायचं नाही हे ठरवायला कोणताही फॉर्म भरून घ्यावा लागत नव्हता. सगळ्यांना सगळ्यांची जात ठाऊक होती. तेच पाणी हक्कानं द्यायचं म्हटलं, घर द्यायचं म्हटलं, की मात्र कागद लागतो. आणि कागदाची सुरुवात झाली की प्रश्न सुरू होतात: कोण विचारणार, कोण लिहिणार, कोणत्या रकान्यात लिहिणार, आणि लिहिलेलं पुढे कोणाला दाखवणार. आजचा विषय तो आहे.

घरं मोजणं आपल्याकडे नवं नाही. खानेसुमारी हा शब्द जुन्या दफ्तरांतला, खाने म्हणजे घरं आणि सुमारी म्हणजे मोजणी. इंग्रजांनी १८७२ पासून माणसं मोजायला घेतली आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी मोजली. त्यात जात लिहिली जायची. जातवार तक्ते शेवटचे छापले गेले ते १९३१ चे. १९४१ ला युद्धाच्या धामधुमीत तक्ते झाले नाहीत. १९५१ पासून स्वतंत्र भारतानं ठरवलं, की फक्त अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती मोजायच्या, बाकीच्यांची जात विचारायची नाही. हेतू चांगला होता. जात विचारली नाही तर ती हळूहळू विरेल, असं त्या पिढीतल्या बऱ्याच भल्या माणसांना वाटत होतं. आम्हालाही विद्यार्थिदशेत तसंच वाटायचं. घरं शोधत फिरायची वेळ आली आणि ‘आडनाव काय तुमचं?’ हा प्रश्न पाचव्यांदा कानावर आला, तेव्हा तो समज गेला.

पुण्यापुरतं सांगायचं तर एक अपवाद फार महत्त्वाचा आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला खंड १९४५ चा, दुसरा १९५२ चा. कुटुंबाचा व्यवसाय, उत्पन्न, जात, आणि राहायला जागा किती, हे एकाच पाहणीत. ही माहिती शेजारी शेजारी ठेवली म्हणजे काय होतं ते बघा. ‘पुण्यात घरांची टंचाई आहे’ हे वाक्य सगळ्यांना माहीतच असतं. टंचाई कोणाच्या वाट्याला किती आली, हे मात्र असं तक्त्यात मांडल्याशिवाय बोलता येत नाही.

आता महाराष्ट्रातली सगळ्यात बोलकी कहाणी. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. पुढची जनगणना १९६१ ची. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध म्हणून नोंदलेले लोक अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ ला ती संख्या झाली सुमारे २७ लाख ८९ हजार. इतक्या लोकांनी दारात आलेल्या प्रगणकाला सांगितलं, ‘बौद्ध लिहा.’ पण त्या एका शब्दाची किंमत होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीची मान्यता हिंदूंपुरती होती, १९५६ ला त्यात शीख आले, बौद्ध नव्हते. म्हणजे बौद्ध लिहिलं की माणूस अनुसूचित जातींच्या यादीतून बाहेर. वस्ती तीच, घर तेच, गावाबाहेरची जागा तीच. रकाना बदलला, एवढंच.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर सरकारनं आपल्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. आज घरकुलाच्या अर्जावर ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असा जोडशब्द आपण वाचतो, त्याचं मूळ या इतिहासात आहे. केंद्रानं मात्र १९९० पर्यंत वाट पाहायला लावली. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. आता आकडे बघा. १९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती ७.१४ टक्के. १९९१ च्या जनगणनेत ११ टक्क्यांच्या वर. दहा वर्षांत एवढी माणसं जन्मली नव्हती! ती आधीपासून इथेच होती. आणि हा नुसता आकड्यांचा खेळ नाही, कारण १९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी बाजूला काढायचं धोरण आलं होतं. मोजणीत माणूस कमी दिसला तर निधीतही तो कमीच दिसणार.

घरांच्या योजनांकडे वळू. १९८५-८६ ला इंदिरा आवास योजना सुरू झाली ती अनुसूचित जाती, जमाती आणि मुक्त केलेल्या वेठबिगारांसाठी. १९९३-९४ पासून ती दारिद्र्यरेषेखालच्या इतर कुटुंबांना खुली झाली. तेव्हा कोणाला किती हे सांभाळणं आलं, आणि प्रवर्गवार अहवाल हा योजनेचा कणाच झाला. २०१६ ला तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणनं घेतली, त्यातही ६० टक्के उद्दिष्ट अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेलं आहे.

यादी कुठून आली? २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणातून. या सर्वेक्षणाची गंमत म्हणा, शोकांतिका म्हणा, अशी आहे. प्रत्येक घरी जाऊन जातीचं नाव लिहून घेतलं. पण घरकुलाच्या यादीला उपयोग झाला तो ‘अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, की इतर’ एवढ्याचाच. बाकी जातींचे आकडे बाहेर आलेच नाहीत. पुढे महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणाचा वाद पेटला, तेव्हा राज्य सरकार ती माहिती मागायला सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ साली केंद्रानं सांगितलं, की माहिती वापरण्याजोगी नाही. १९३१ ला देशात ४,१४७ जाती नोंदल्या होत्या, या सर्वेक्षणात ४६ लाखांहून जास्त नावं आली. एकट्या महाराष्ट्रात ४ लाख २८ हजारांवर!

हे कसं झालं असेल, ते आपल्या गल्लीत उभं राहिलं तरी कळतं. एक जण जात सांगतो, दुसरा पोटजात, तिसरा कूळ, चौथा आडनाव, पाचवा म्हणतो ‘मराठी’. लिहिणाऱ्याच्या यंत्रात निवडायला यादी नसेल तर जेवढी स्पेलिंगं तेवढ्या जाती.

मग भटक्या-विमुक्तांचं काय? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं या माणसांची हजेरी घ्यायची सोय केली होती. सरकारला त्यांची मोजणी करता येत नव्हती असं मुळीच नाही. पहारा ठेवायचा होता तेव्हा नावनिशी नोंदी झाल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला आणि त्याबरोबर मोजणीही गेली. केंद्राच्या रकान्यात ते ‘इतर’. त्यामुळे राज्याला त्यांच्यासाठी २०११ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना वेगळी काढावी लागली. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, आणि २०२३ ला इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास. एकाच गल्लीत चार घरं, चार योजना. टीका करणारे म्हणतात हा सगळा गुंता आहे. गुंता आहेच. पण ‘इतर’ या शब्दाखाली कोण कोण दबलं होतं, ते या गुंत्यामुळेच दिसलं, असं आमचं मत आहे.

आता आपल्या कात्रजकडे येऊ. कात्रज १९९७ ला महापालिकेत आलं. घाटाच्या पायथ्याची भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी मात्र २०२१ पर्यंत ग्रामपंचायतीतच होती. म्हणजे रस्त्याच्या एका अंगाला शहरी योजना, दुसऱ्या अंगाला ग्रामीण. ग्रामीण यादी ग्रामसभेपुढे वाचली जाते, लोक उठून सांगू शकतात की ‘याचं नाव का, त्याचं का नाही’. जून २०२१ अखेर गावं महापालिकेत गेली आणि ग्रामसभाच उरली नाही. शहर वाढतं तेव्हा पाणी, रस्ते, कर यांची चर्चा होते. यादीचं काय झालं, हे कोणी विचारत नाही.

झोपडपट्टी पुनर्वसनात वेगळीच तऱ्हा. पुण्यात त्यासाठी २००५ ला स्वतंत्र प्राधिकरण झालं. तिथे पात्रता ठरते ती तारखेवर: ठरलेल्या तारखेच्या आधीची झोपडी आहे का? जात पात्रतेच्या हिशेबात येत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हाही ‘पूरग्रस्त’ हाच प्रवर्ग होता. ऐकायला हे निर्मळ वाटतं. पण मग त्या घरांमध्ये कोण गेलं आणि कोण गळालं, हे नंतर सांगायला काही साधन राहत नाही. अमेरिकेतही हा वाद झाला. तिथे १९६८ च्या कायद्यानं घर देताना वंश पाहण्यावर बंदी आणली, पण ती पाळली जाते का हे तपासायला वंशाचीच नोंद लागली. १९७५ च्या गृहकर्जाच्या कायद्यात १९८९ ला दुरुस्ती करून अर्जदाराचा वंश नोंदवणं बँकांना भाग पाडलं, त्यानंतर कोणाचे अर्ज फेटाळले जातात ते उघड झालं. तिथे माणूस स्वतःबद्दल सांगतो ते मानतात. आपल्याकडे पुरावा लागतो.

आणि तो पुरावा म्हणजे काय! अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा. परभणीच्या एका खेड्यातून बांधकामाच्या कामाला आलेल्या एका बाईंबरोबर आम्ही गेलो होतो. एका कार्यालयात त्यांना विचारलं, ‘आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला?’ बाई म्हणाल्या, ‘साहेब, आजोबाला शाळेत बसू दिलं असतं तर मी इथं कशाला आले असते?’ साहेब वाईट नव्हते. हसले, खाली बघितलं आणि अर्ज परत दिला.

शेवटी गावाकडून कोतवाल बुकाची नक्कल आणायचं ठरलं. जन्म-मृत्यूच्या त्या जुन्या नोंदीत जात लिहिलेली असते. नोंद मोडीत होती. वाचणारा शोधण्यात दोन महिने गेले आणि प्रत्येक खेपेला बाईंचा रोज बुडाला. भटक्या माणसाची गोष्ट तर त्याहून अवघड. जो १९६१ ला कुठल्याच गावाचा नव्हता, त्यानं कुठल्या गावचा पुरावा आणायचा?

३० एप्रिल २०२५ ला केंद्रानं येत्या जनगणनेत सगळ्यांची जात मोजायचं ठरवलं. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ही मोजणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात घरांची यादी: भिंत कशाची, छप्पर कशाचं, खोल्या किती, संडास आहे का. २०११ च्या या टप्प्यात कुटुंबप्रमुखाबद्दल अनुसूचित जाती, जमाती की इतर, एवढंच विचारलं होतं. जातीचं नाव आता लिहिलं जाणार ते दुसऱ्या टप्प्यात, माणसं मोजताना. म्हणजे छप्पर एका कागदावर आणि जात दुसऱ्या. हे दोन कागद कुटुंबवार जोडून तक्ते छापले, तर पत्र्याखाली राहणारी वडार, कैकाडी, पारधी कुटुंबं किती, ते पहिल्यांदा कळेल. जोडले नाहीत तर जातींचे आकडे निवडणुकीच्या कामाला येतील आणि घरकुलाच्या यादीत पुन्हा ‘इतर’ राहील. मोजणीचा आराखडा करणाऱ्यांना हे आत्ताच विचारायला हवं, तक्ते छापून झाल्यावर विचारून उपयोग नाही.