विटाळ, पाप आणि बालमनाची नैतिक जडणघडण : 'हकलबेरी फिन' व 'श्यामची आई' यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

समाजातील अन्याय्य नियम लहान मूल कसे शिकते आणि ते मोडण्याचे बळ त्याच्यात कोठून येते, हा प्रश्न जितका साहित्याचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे. अमेरिकेत मार्क ट्वेन यांनी 'हकलबेरी फिन' (इंग्लंडमध्ये १८८४, अमेरिकेत १८८५) या कादंबरीतून हा प्रश्न वर्णभेदाच्या संदर्भात मांडला. महाराष्ट्रात साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) या पुस्तकातील एका प्रकरणात तोच प्रश्न अस्पृश्यतेच्या संदर्भात येतो. गुलामगिरी आणि जातिव्यवस्था यांचा एकत्र विचार करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. या परंपरेला अनुसरून वरील दोन पुस्तकांतील दोन प्रसंगांची तुलना करणे आणि त्यातून अस्पृश्यतेचे नैतिक स्वरूप समजून घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

दोन मुले, दोन प्रसंग

ट्वेन यांच्या कादंबरीचा काळ अमेरिकन यादवी युद्धापूर्वीचा, तर स्थळ मिसिसिपी नदीचे खोरे हे आहे. दारुड्या बापाच्या तावडीतून पळालेला हक आणि मालकिणीच्या घरून पळालेला गुलाम जिम हे दोघे एकाच तराफ्यावरून प्रवास करतात. पळालेल्या गुलामाला साहाय्य करणे म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता चोरणे आणि चोरी म्हणजे नरकवास, हे हकच्या मनावर लहानपणापासून बिंबलेले आहे. म्हणून तो जिमचा ठावठिकाणा कळविणारे पत्र मालकिणीला लिहितो. परंतु जिमने केलेली माया आठवताच ते पत्र फाडून टाकतो आणि नरकात जाण्याची तयारी ठेवतो. आपण पाप करीत आहोत अशीच त्याची शेवटपर्यंत समजूत आहे. समाजाने घडविलेली सदसद्विवेकबुद्धीच खोटी असू शकते, हे ट्वेन यांनी येथे दाखविले आहे.

'श्यामची आई'मधील 'देवाला सारी प्रिय' या प्रकरणातील प्रसंग वरकरणी लहान आहे. एका वृद्ध महार स्त्रीची लाकडांची मोळी खाली पडते. ती पुन्हा डोक्यावर चढवून द्यायला कोणी पुढे येत नाही. श्यामची आई त्याला मोळी उचलून देण्यास सांगते आणि त्यानंतर आंघोळ करण्यासही सांगते. श्याम दोन्ही आज्ञा पाळतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील कोकणी ब्राह्मण कुटुंबाचा विचार करता ही कृती निश्चितच धाडसाची होती. तथापि त्या कृतीपाठोपाठ येणारी आंघोळ इतिहासाच्या अभ्यासकाला थांबावयास लावते.

चोरी आणि विटाळ

या दोन प्रसंगांतील भेद केवळ दोन लेखकांच्या स्वभावातील भेद नव्हे. तो दोन समाजव्यवस्थांतील भेद आहे. अमेरिकन गुलामगिरीचा पाया मालकी हा होता. गुलाम मालकाच्या स्वयंपाकघरात राबत असे, मालकाची मुले सांभाळत असे. केवळ त्याच्या स्पर्शाने घर बाटत नसे. त्यामुळे हकचा अपराध 'चोरी' ठरतो. चोरी पाण्याने धुऊन निघत नाही. हकला एकतर जिमला परत द्यावे लागेल किंवा स्वतः पापी ठरावे लागेल. त्याला तिसरा मार्ग नाही.

अस्पृश्यतेचा पाया विटाळ हा होता आणि विटाळावर शास्त्राने व रूढीने स्नानाचा उतारा सांगून ठेवला होता. त्यामुळे दया करणाऱ्याला नियम मोडताही येत असे आणि घटकाभरात पुन्हा नियमात परतताही येत असे. करुणा आणि रूढी यांपैकी एकीची निवड करण्याची सक्ती श्यामवर होत नाही. म्हातारीची मोळी डोक्यावर चढते, पण तिचे अस्पृश्यत्व जेथल्या तेथे राहते. दयाळू माणसालाही सामावून घेण्याची ही सोय जातिव्यवस्थेच्या दीर्घायुष्याचे एक कारण मानावे लागते.

विशेष म्हणजे या आंघोळीचे परीक्षण करण्याची कसोटी त्याच पुस्तकात आहे. आंघोळीनंतर पायांना माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामला आई, मनही तसेच स्वच्छ ठेवण्याची शिकवण देते. शुचिता मनाची असते हे एकदा मान्य केले की, म्हातारीच्या स्पर्शानंतरच्या स्नानाला नैतिक आधार उरत नाही.

फेब्रुवारी १९३३ ची पार्श्वभूमी

साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिले. ज्या शहरात हे लेखन झाले, त्याच नाशिकमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला होता. गुरुजींचे लेखन चालू असतानाच, ११ फेब्रुवारी १९३३ रोजी, महात्मा गांधींच्या 'हरिजन' साप्ताहिकाचा पहिला अंक पुण्याहून निघाला. त्या अंकासाठी डॉ. आंबेडकरांनी पाठविलेल्या निवेदनाचा आशय, जाती आहेत तोवर बहिष्कृतही राहणार, असा होता. पाठोपाठ १४ फेब्रुवारीला त्यांनी मंदिरप्रवेशासंबंधी निवेदन काढून, मंदिरप्रवेश हे अंतिम ध्येय आहे की पहिली पायरी, असा रोखठोक प्रश्न विचारला.

अर्थात, अस्पृश्यता ही सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाने नष्ट होईल की जातिव्यवस्थेच्या उच्छेदाने, हा वाद ज्या आठवड्यात उघडपणे पुढे आला, त्याच आठवड्यात श्यामची मोळी आणि श्यामची आंघोळ कागदावर उतरली. ज्या पुस्तकावरील आचार्य अत्रे यांच्या चित्रपटास पुढे १९५४ मध्ये पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, ज्या पुस्तकाने मराठी घराघरांत संस्कार पोहोचविले, ते पुस्तक हृदयपरिवर्तनाच्या मार्गाचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोहोंचे साधन ठरते. गुरुजींनी ती आंघोळ लपविली नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणाही नोंदविला पाहिजे.

दुसऱ्या बाजूचे बालपण

हक असो वा श्याम, मोठे होणारे मूल हे वरच्या बाजूचे आहे. जिम किंवा मोळीवाली म्हातारी ही त्याच्या नैतिक शिक्षणाची निमित्ते ठरतात. जिमच्या दृष्टीने ही कथा सांगणारी पर्सिव्हल एव्हरेट यांची 'जेम्स' ही कादंबरी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०२५ मध्ये तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्रात मात्र ही दुसरी बाजू 'श्यामची आई'च्याच काळात लिहिली गेली होती. डॉ. आंबेडकरांनी १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या आत्मपर टिपणांत १९०१ मधील एक प्रवास वर्णिला आहे. साताऱ्याहून गोरेगावी वडिलांकडे निघालेली, नीटनेटक्या पोशाखातील मुले मसूर स्थानकावर उतरली. ती महार असल्याचे कळताच स्टेशनमास्तरचा नूर पालटला. दुप्पट भाडे देऊनही मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे, असे ठरले. जवळ शिदोरी असूनही पाण्याअभावी मुलांना उपाशीपोटी रात्र काढावी लागली. या प्रवासाने आपल्याला प्रथमच अस्पृश्यतेचा विचार करावयास लावले, असे त्यांनी नमूद केले आहे. शाळेतही शिपायाने नळ सोडला तरच त्यांना पाणी मिळे.

साने गुरुजींचे पालगड दापोली तालुक्यात आहे आणि आंबेडकर कुटुंबही १८९० च्या दशकात काही काळ दापोलीस राहिले होते. एकाच परिसराशी निगडित या दोन बालपणांपैकी एकात पाणी विटाळ धुण्यासाठी सहज उपलब्ध आहे. दुसऱ्यात ते तहान भागविण्यासाठीही मिळत नाही. अस्पृश्यतेचा संपूर्ण इतिहास या एका विरोधात सामावलेला आहे. पुढे 'बलुतं' (१९७८) पासून आलेल्या दलित आत्मकथनांनी ही दुसरी बाजू मराठी वाङ्मयाच्या केंद्रस्थानी आणली.

लेखकाचा पुढील प्रवास

साने गुरुजी १९३३ च्या टप्प्यावर थांबले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी १९४७ मध्ये महाराष्ट्राचा दौरा केला आणि १ ते १० मे या काळात प्राणांतिक उपोषण केले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावरच ते सुटले. स्पर्शानंतर स्नान करणारा मुलगा चौदा वर्षांनी छापील पानाबाहेर, स्पर्शबंदीच मोडण्यासाठी प्राण पणाला लावतो. हकने कादंबरीत केलेली निवड गुरुजींनी प्रत्यक्ष जीवनात केली, असे म्हणता येईल. मात्र तीही मंदिराच्या दारापर्यंतचीच होती. डॉ. आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे धर्मांतराची घोषणा करून ते दार केव्हाच मागे टाकले होते.

समारोप

'श्यामची आई' केवळ संस्कारांचे पुस्तक म्हणून गौरविणे किंवा त्यातील आंघोळीकडे बोट दाखवून ते बाजूला सारणे, या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील राजूरसारख्या कोळसा खाणीच्या गावी एकाच वर्गात अनेक जातींची मुले बसतात. तेथे हे प्रकरण शिकविले, तर कोणाला श्यामच्या जागी आणि कोणाला त्या म्हातारीच्या नातवंडाच्या जागी उभे राहून ते ऐकावे लागते. म्हणून मोळीचा प्रसंग आणि मसूरचा प्रवास एकत्र शिकविले जाणे आवश्यक आहे. पहिला प्रसंग दया शिकवितो, तर त्या दयेनंतर आंघोळ का करावी लागली हे विचारण्याचे धैर्य दुसरा देतो. हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःहून विचारला, तरच त्याचे नैतिक मोठे होणे पूर्ण झाले असे मानता येईल.