तळटीप : पक्षिणीचे घरटे आणि मोडकी शिडी

* आईवडिलांचा मान राखणे (बायबल, अनुवाद 5:16) आणि पिल्ले घेण्यापूर्वी पक्षिणीला उडू देणे (22:6-7), या दोन्ही आज्ञांसोबत कल्याण व दीर्घायुष्याचे वचन येते. एक जन्मभराची, दुसरी घटकाभराची. मोबदला मात्र तोच!

तालमूद या ज्यू धर्मग्रंथातील रब्बींनी या वचनाला चांगलेच छळले आहे. बापाच्या सांगण्यावरून मुलगा इमारतीवर चढतो, पक्षिणीला उडवतो, पिल्ले घेतो आणि उतरताना पडून मरतो.

असेच काही पाहून एलिशा बेन अबुया हा विद्वान धर्मापासून दुरावला, असे एक मत तिथे नोंदले आहे. त्याच्याच मुलीचा मुलगा रब्बी याकोब याने मात्र ते दीर्घायुष्य परलोकातले मानले. पण आज्ञेच्या कामावर निघालेल्याला इजा होत नाही ना? यावर तिथलेच उत्तर अगदी घरगुती आहे : शिडी मोडकी होती.